कॅनन घ्यावा की निकॉन?

प्रश्न : मेळघाटात पक्ष्यांचे आणि घरच्या लग्नकार्यात फोटो काढायचे आहेत. बजेट कमी, म्हणून जुना एसएलआर पाहतोय. कॅनन की निकॉन? (एक वाचक, अकोला)

उत्तर : बॉडीपेक्षा लेन्सचा विचार आधी करा. बॉडी चार-पाच वर्षांनी बदलते, लेन्स राहते. निकॉनच्या डी३५००सारख्या स्वस्त बॉडीत फोकसची मोटर नसते. तिच्यावर ५० एमएम एफ/१.८ 'डी' ही स्वस्त लेन्स लावली, तर फोकस हातानं करावा लागतो. वरातीच्या धावपळीत ते जमणं कठीण. निकॉन घेतलाच, तर लेन्सवर 'एएफ-एस' लिहिलंय का, ते बघा. कॅननने १९८७ पासून ईएफ लेन्समध्येच मोटर बसवली, त्यामुळे ही भानगड नाही. उद्या कॅननचा मिररलेस घेतलात, तरी अडॅप्टर लावून त्याच लेन्स चालतील. काळोख्या सावलीतला तपशील मात्र निकॉनच्या फोटोत जास्त छान उचलता येतो, हे मान्य करायलाच हवं.

तुमच्यासाठी माझं मत कॅननच्या बाजूनं. ५५-२५० एसटीएम लेन्स घ्या. मेळघाटातला रानपिंगळा हे घुबड असलं तरी दिवसाही दिसतं, सकाळच्या उजेडात ती लेन्स पुरते. अमरावतीत किंवा अकोल्यात ओळखीच्या कुणाकडे निकॉनच्या चांगल्या लेन्स असतील आणि ते उसन्या देणार असतील, तर मात्र खुशाल निकॉन घ्या.

जुनी लेन्स घेताना मागून मोबाइलचा टॉर्च मारून आत पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले, तर ती बुरशी. कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. चिखलदऱ्याच्या पावसाळ्यात बुरशी फार लवकर धरते.