दुकानाचा राउटर: डिस्क १२० जीबीची, वापरायला जागा १०० एमबी!

मागच्या व्हिडिओत आपण जुन्या कॉम्प्युटरवर ओपनडब्ल्यूआरटी टाकून दुकानासाठी राउटर बनवला. दोन कंपन्यांच्या लाइन त्याला जोडल्या, म्हणजे एक बंद पडली तरी बिलिंग चालू राहतं. त्यानंतर बऱ्याच जणांचा एकच प्रश्न आला: "सर, नवीन पॅकेज टाकताना 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' येतं. डिस्क तर रिकामीच आहे!"

असं का होतं?

ओपनडब्ल्यूआरटी मुळात छोट्या राउटरसाठी बनलेली लिनक्स सिस्टीम आहे. कॉम्प्युटरसाठीच्या तिच्या तयार इमेजमध्ये दोन मुख्य भाग असतात: सुरू होण्यासाठीचा छोटा भाग आणि साधारण १०० एमबीचा रूट. बाकीची डिस्क तशीच पडून राहते. शेत दहा एकराचं, पण बांध घालून पेरणी एका गुंठ्यातच, असं समजा.

म्हणून कामं दोन आहेत. आधी बांध सरकवायचा, म्हणजे पार्टिशन वाढवायचं. मग वाढलेली जमीन पेरणीखाली आणायची, म्हणजे त्यावरची फाइलसिस्टीम वाढवायची. फक्त पहिलं काम केलं तर जागा तेवढीच दिसते.

माझी चूक आधी ऐका

मी हे काम पहिल्यांदा केलं ते भर दुकानाच्या वेळेत, बॅकअप न घेता. पार्टिशन वाढवायच्या ऐवजी डिलीट करून नवीन बनवलं. त्यामुळे पार्टिशनचा ओळख क्रमांक बदलला, बूटलोडरच्या सेटिंगमध्ये जुनाच राहिला आणि राउटर सुरूच होईना. शिंदखेड्यात बाजाराचा दिवस, गिऱ्हाईक समोर उभं, आणि मी संध्याकाळपर्यंत पावतीपुस्तकावर हाताने बिलं फाडत होतो. रात्री सगळी बिलं पुन्हा कॉम्प्युटरला चढवली ती वेगळीच.

आता बरोबर पद्धत

ही पद्धत एक्स्टफोर इमेजसाठी आहे. तुमची इमेज स्क्वॉशएफएसची असेल तर हे करू नका, तिची पद्धत वेगळी आहे.

१. दुकान बंद झाल्यावरच बसा. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर किंवा यूपीएसवर ठेवा. मध्येच लाइट गेली तर डेटा जाऊ शकतो.

२. राउटरच्या पानावर 'सिस्टीम'मध्ये जाऊन बॅकअप लॅपटॉपवर उतरवा. त्यात फक्त सेटिंग असतात, म्हणून टाकलेल्या पॅकेजची यादी वहीत लिहा.

३. जीपार्टेड लाइव्हचा पेनड्राइव्ह बनवा आणि राउटर-कॉम्प्युटर त्यावरून सुरू करा. रूट वापरात नसताना वाढवणं जास्त सुरक्षित.

४. 'डिस्कची पूर्ण जागा वापरली जात नाही' असा इशारा आला तर 'फिक्स' दाबा.

५. १०० एमबीच्या आसपासचं एक्स्टफोर पार्टिशन निवडा, 'रिसाइझ' करा. सुरुवात हलवायची नाही, फक्त शेवट पुढे ओढायचा. चार-पाच जीबी भरपूर झाले.

६. 'अप्लाय' दाबा. जीपार्टेड दोन्ही कामं एकदमच करतं.

७. पेनड्राइव्ह काढून सुरू करा आणि राउटरच्या पानावर जागा तपासा. दोन्ही लाइन आळीपाळीने काढून नेट चालतं का, तेही बघा.

हे विसरू नका

पुढे ओपनडब्ल्यूआरटी अपडेट करताना पार्टिशनची रचना जुळली नाही, तर पूर्ण इमेज पुन्हा लिहिली जाते. रूट परत १०० एमबीवर येतो, जास्तीची पॅकेज जातात. तेव्हा वहीतली यादी कामाला येते. म्हणून अपडेटसुद्धा दुकान बंद असतानाच करा.

मंडळी, डिस्कचे पैसे आपण एकदाच देतो, पण दुकानाचा एक दिवस बुडाला तर तो परत येत नाही. आजचा गृहपाठ एवढाच: आत्ता बॅकअप घ्या आणि पॅकेजची यादी लिहून ठेवा. वाढवायचं काम सुट्टीच्या दिवशी करा.

भेटू पुढच्या व्हिडिओत.