माकडहाडाजवळील दुर्मिळ गाठी : ओळख व दक्षता

कंबरदुखीचा रुग्ण आला नाही असा दिवस आपल्या व्यवसायात क्वचितच जातो. बोरगाव-निपाणी परिसरात दिवसभर बसून विडी वळणाऱ्या भगिनींना तर माकडहाडाचे दुखणे नवे नाही. बहुतेकांचे दुखणे साधे असते व काही आठवड्यांत कमी होते. परंतु एखाद्याच रुग्णात त्यामागे गाठ दडलेली असते, आणि तिची शंका आली तरच ती सापडते.

यांतील महत्त्वाची गाठ म्हणजे कॉर्डोमा. गर्भावस्थेत कण्याचा आधार असणारी पृष्ठरज्जू पुढे लोप पावते. तिच्या मागे राहिलेल्या अवशेषांतून हा कर्करोग उद्भवतो. दरवर्षी दहा लाखांत सुमारे एकाला तो होतो. त्रिकास्थी, म्हणजे माकडहाडाच्या वरचे हाड, हे त्याचे एक प्रमुख स्थान होय. तो बहुधा चाळिशीनंतर आढळतो व अतिशय सावकाश वाढतो.

बसताना वाढणारी, रात्रीही न थांबणारी व महिनोन्‌महिने टिकणारी वेदना, नवी बद्धकोष्ठता, लघवीस अडथळा, गुदद्वाराभोवती बधिरता ही लक्षणे दुर्लक्षू नयेत. साध्या क्ष-किरण चित्रात आतड्यातील वायूमुळे गाठ झाकली जाते. कमरेच्या एम.आर.आय.मध्ये त्रिकास्थीचा खालचा भाग अनेकदा येतच नाही. म्हणून संपूर्ण त्रिकास्थी व माकडहाड दाखविण्याची स्पष्ट सूचना लिहावी. बोटाने केलेल्या गुदपरीक्षणात हाडापुढील टणक फुगवटा हाताला लागू शकतो. या तपासणीस खर्च नाही. संकोच मात्र दोन्ही बाजूंनी आड येतो.

शंका आल्यास गुदाशयातून सुई घालू नये, कारण सुईच्या मार्गात पेशी पसरतात. शस्त्रक्रिया करणाऱ्या तज्ज्ञाच्या सल्ल्यानेच पाठीमागून बायॉप्सी घ्यावी. गाठ न फोडता अखंड काढणे हा मुख्य उपचार. नेहमीच्या केमोथेरपीचा उपयोग फारसा होत नाही. खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या ॲक्ट्रेक संस्थेत २०२३ पासून प्रोटॉन किरणोपचाराची सोय झाली आहे.

नवजात अर्भकाच्या माकडहाडाशी दिसणारी गाठ बहुधा टेराटोमा असते व ती मुलींत अधिक आढळते. तिच्यासोबत माकडहाडही काढावे लागते, अन्यथा ती पुन्हा उद्भवण्याची शक्यता वाढते.

वाचकहो, अशा गाठी दुर्मिळ आहेत. घाबरण्याचे कारण नाही. मात्र उपचार करूनही दुखणे हटत नसेल, तर पुन्हा एकदा तपासून घ्यावे. गाठ लहान असताना सापडली, तर मलमूत्रावर ताबा ठेवणारे मज्जातंतू वाचण्याची आशा अधिक असते.