द्रोण आणि शीतकपाट

नांदेड जिल्ह्यातील हिमायतनगर हे माझे गाव. गावातील वृद्ध माणसे त्याला अजूनही वाढोणा या जुन्या नावाने ओळखतात. आमच्या परिसरात पळसाची झाडे विपुल. पूर्वी लग्नकार्यात पळसाच्या पानांच्याच पत्रावळी आणि द्रोण असावयाचे.

मी मुख्याध्यापक असतानाची गोष्ट. शाळेसमोरच्या दुकानात नवे शीतकपाट, म्हणजे फ्रीज, आले होते. सातवीच्या वर्गात पत्रावळी लावणाऱ्या एका बाईंचा मुलगा होता. त्याने मला विचारले, "गुरुजी, पानाचा द्रोण करताना कडेला चुण्या पडतात, त्या काडीने टोचाव्या लागतात. फ्रीजच्या आतली पांढरी पेटी एवढी खोल. पण तिला ना चुणी, ना जोड. ती कशी करीत असतील?"

प्रश्न मार्मिक होता. उत्तर मला ठाऊक नव्हते. परंतु तसे म्हणण्याचा मला संकोच वाटला. "यंत्र प्लॅस्टिकला आत ओढून घेते," असे सांगून मी पुढचा धडा सुरू केला. मुलगा गप्प बसला. पण त्याचे समाधान झाले नव्हते, हे मला दिसत होते.

पुढे तो शिकून शीतकपाटांच्या पेट्या तयार करणाऱ्या एका कारखान्यात कामास लागला. आपल्या राज्यात हा उद्योग जुना आहे. मुंबईच्या गोदरेज कंपनीने १९५८ साली शीतकपाटे तयार करण्यास आरंभ केला. आज पुणे जिल्ह्यातील रांजणगाव व सातारा जिल्ह्यातील शिरवळ येथेही ती तयार होतात. जुन्या शीतकपाटांची आतली पेटी एनॅमल चढविलेल्या पोलादी पत्र्याची असे. आता ती प्लॅस्टिकची असते.

मी निवृत्त झाल्यावर त्या विद्यार्थ्याने मला मोठ्या आग्रहाने आपला कारखाना पाहावयास नेले. तेथे तीन-चार मिलिमीटर जाडीचा प्लॅस्टिकचा सपाट पत्रा चौकटीत चारी कडांनी घट्ट धरला होता. विजेच्या तापकांनी त्याला वरून व खालून उष्णता दिली. थोड्याच वेळात तो मऊ होऊन मध्यभागी झोळीसारखा लोंबू लागला. उष्णता कमी पडली, तर पत्रा साच्यावर नीट बसत नाही. अधिक झाली, तर तो फाटतो.

नंतर खालून हवा भरून पत्र्याचा फुगा केला आणि पेटीच्या आकाराचा ॲल्युमिनियमचा साचा त्या फुग्यात वर चढविला. साच्याच्या अंगावर सुईच्या अग्राएवढी बारीक छिद्रे होती. छिद्रे मोठी असली, तर पेटीवर त्यांचे वण उठतात. पंप सुरू होताच साचा व पत्रा यांच्यामधील हवा त्या छिद्रांवाटे निघून गेली आणि क्षणार्धात पत्रा साच्याच्या अंगास घट्ट चिकटला. कप्प्यांसाठी लागणाऱ्या खाचाही त्यावर स्पष्ट उमटल्या. या रीतीस कारखान्यात 'व्हॅक्यूम फॉर्मिंग' म्हणतात. मराठीत तिला 'निर्वात-घडाई' म्हणता येईल.

"गुरुजी, पत्र्याला कोणी ओढले?" त्याने हळूच विचारले.

"पंपाने," मी म्हणालो.

"पंपाने केवळ मधली हवा काढली. पोकळी कशालाच ओढू शकत नाही. पत्र्याला ढकलले, ते बाहेरच्या हवेने!"

मग त्याने मला हिशेब करून दाखविला. हवा प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे १ किलोग्रॅम वजनाइतका दाब देते. १ चौरस मीटरमध्ये १०,००० चौरस सेंटिमीटर असतात. म्हणजे तेवढ्या पत्र्यावर हवेचा भार सुमारे १०,००० किलोग्रॅम, अर्थात १०० क्विंटल! एरवी दोन्ही बाजूंनी सारखाच दाब असल्यामुळे तो जाणवत नाही. एका बाजूची हवा काढली, की दुसऱ्या बाजूची हवा आपले बळ दाखविते. सतराव्या शतकात जर्मनीतील माग्देबुर्ग शहराचा महापौर ऑटो फॉन गेरिके याने धातूचे दोन पोकळ अर्धगोल जुळवून आतली हवा काढली होती. दोन्हीकडून घोडे जुंपले, तरी ते अर्धगोल सहजी विलग होईनात!

"आणि चुण्यांचे काय?" मी विचारले.

"पान ताणले जात नाही, म्हणून त्याला चुण्या पडतात. तापलेले प्लॅस्टिक ताणले जाते, म्हणून त्याला चुणी पडत नाही. परंतु जेथे ते अधिक ताणले जाते, तेथे ते पातळ होते. ताण सर्वत्र सारखा पसरावा, म्हणूनच आधी फुगा करावयाचा."

त्याने थंड झालेली एक पेटी दिव्यासमोर धरली. एका कोपऱ्यातून उजेड अधिक येत होता. त्याने तेथील जाडी मोजली आणि पेटी बाजूस काढली.

"हा दोष कोणाच्या दृष्टीस पडणार?" मी म्हणालो.

"आज नाही पडणार, गुरुजी. पण या पेटीच्या आणि बाहेरच्या पत्र्याच्या मध्ये उष्णता रोखणारा फेस भरतात. उद्या हा कोपरा तडकला, तर ओल फेसात शिरेल आणि फ्रीज थंडी धरणार नाही. एखाद्या घरी त्यात रुग्णाचे इन्सुलिन ठेवलेले असेल!"

ती पेटी दळून तिचे प्लॅस्टिक पुन्हा कामी येणार होते. मी मात्र त्या कोपऱ्याकडे पाहत राहिलो. मग म्हणालो, "बाळ, सातवीत मी तुला दिलेले उत्तर असेच होते. वरून गुळगुळीत, पण कोपऱ्यात पातळ. मला ठाऊक नव्हते, हे मी तेव्हाच सांगावयास हवे होते."

तो क्षणभर काही बोलला नाही. मग त्याने वाकून मला नमस्कार केला आणि दुसरी पेटी दिव्यासमोर धरली.

शब्दार्थ

मार्मिक – वर्मावर बोट ठेवणारा. विपुल – पुष्कळ. विलग – वेगळे. निर्वात – हवा नसलेले.

स्वाध्याय

१. पानाच्या द्रोणाला चुण्या पडतात, प्लॅस्टिकच्या पेटीला पडत नाहीत. असे का?
२. 'पोकळी कशालाच ओढू शकत नाही,' हे विधान तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.
३. गुरुजींनी आपल्या उत्तराची तुलना पेटीच्या कोपऱ्याशी का केली?
४. करून पाहा : पेला पाण्याने काठोकाठ भरा. त्यावर जाड कागद ठेवून, तो हाताने दाबून पेला उलटा करा. मग हात अलगद काढा. कागद का पडत नाही?