आधी गाडी थांबवून दाखवा

नववीला धाराविद्युत शिकवून झालं की मी मुलांकडून ब्लूटूथवर चालणारी दोन मोटरची गाडी करून घेते. ॲक्रिलिकची किंवा साध्या प्लायची चासी, दोन पिवळ्या बीओ मोटर, पुढे एक कास्टर चाक, अर्डुइनो उनो, मोटर चालवायला एल२९८एन ड्रायव्हर, एचसी-०५ हे ब्लूटूथ मॉड्यूल आणि रिमोट म्हणून घरातला अँड्रॉइड फोन. आयफोन या मॉड्यूलशी जोडला जात नाही, हे पालकांना आधीच सांगून ठेवावं लागतं. सामान पुण्यात तपकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळतं. ज्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब आहे तिथे यातलं बरंचसं कपाटातच असतं. गाडी जोडणं आता अवघड राहिलेलं नाही, व्हिडिओ बघून सातवीतली मुलंही जोडतात. ती तपासायची कशी, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. एका स्नेहसंमेलनात डोळ्यांसमोर जे घडलं, त्यानंतर भेटेल त्या विज्ञानशिक्षकाला मी हेच सांगत असते.

शाळेच्या व्हरांड्यात प्रकल्प मांडले होते. गाडी चालवणाऱ्या मुलाच्या हातात वडिलांचा फोन होता. अंगठा ‘पुढे’च्या बटणावर होता आणि नेमका त्याच वेळी वडिलांना कुणाचा तरी कॉल आला. स्क्रीन बदलली. मुलाने अंगठा उचलला, पण ॲप तोवर मागे गेलेलं असल्यामुळे ‘थांब’ हा संदेश गाडीकडे पोचलाच नाही. गाडीला मिळालेली शेवटची आज्ञा ‘पुढे’ अशी होती आणि ती तीच पाळत राहिली. व्हरांड्याची कड संपली तशी पायऱ्यांवरून आदळत खाली गेली. सेलचा होल्डर तडकला, ड्रायव्हरच्या स्क्रूखालची लाल वायर निसटली आणि तिचं उघडं टोक सेलच्या अंगाला टेकलं. सेलचं निळं वेष्टन तिथे आधीच फाटलेलं होतं. बघता बघता वायरचं आवरण मऊ पडलं आणि धूर निघू लागला. धूर दिसताच एक मुलगा गाडी उचलायला धावला. त्याचा हात सेलपर्यंत पोचणार तेवढ्यात शिपाईमामांनी त्याला दंडाला धरून मागे ओढलं. मग झाडूच्या दांड्याने त्यांनी ती गाडी मैदानात मोकळ्या जागी लोटली आणि वाळूची बादली आणून ठेवली. आग लागली नाही. मुलाचा हात वाचला तो मामांमुळे, आमच्या विज्ञानामुळे नव्हे, हे मला अजून टोचतं.

या प्रसंगात दोन वेगवेगळे धोके एकमेकांत गुंतले आहेत. पहिला असा की संपर्क तुटला किंवा चालवणाऱ्याचं लक्ष गेलं, तरी गाडीला त्याचा पत्ता नसतो. बाजारात आणि व्हिडिओंत जे प्रोग्रॅम सर्रास फिरतात, त्यांत एक अक्षर आलं की पुढे, दुसरं आलं की मागे, तिसरं आलं की थांब, एवढंच असतं. काहीच आलं नाही तर काय करायचं, हे लिहिलेलंच नसतं. म्हणून वर्गात आम्ही आता प्रोग्रॅमची सुरुवातच त्या ओळीने करतो. शेवटची आज्ञा कधी आली ती वेळ नोंदवून ठेवायची आणि तिला अर्धा सेकंद उलटला की दोन्ही मोटर बंद. अर्डुइनोतलं ‘मिलिस’ हे फंक्शन त्यासाठीच वापरायचं. यात एक मेख आहे. बरीच ॲप बटण दाबल्यावर अक्षर एकदाच पाठवतात. अशा ॲपवर बोट दाबून धरलेलं असतानाही गाडी अर्ध्या सेकंदात थांबेल आणि मुलं कंटाळून ती ओळच काढून टाकतील. म्हणून बटण दाबलेलं असेपर्यंत आज्ञा पुन्हा पुन्हा पाठवणारं ॲप हवं. एमआयटी ॲप इन्व्हेंटरमध्ये घड्याळाचा घटक वापरून, दर शंभर मिलिसेकंदांनी अक्षर पाठवणारं ॲप मुलं स्वतः करू शकतात. तयार ॲप शोधण्यापेक्षा मला हेच बरं वाटतं.

अर्धा सेकंदच का, असा प्रश्न एखादी मुलगी हमखास विचारते, आणि इथेच भौतिकशास्त्र सुरू होतं. चाकाचा व्यास ६५ मिलिमीटर, म्हणजे परीघ सुमारे २०४ मिलिमीटर. मोटर मिनिटाला २०० फेरे घेणारी असेल तर गाडी सेकंदाला साधारण ६८ सेंटिमीटर जाते. अर्ध्या सेकंदात ३४ सेंटिमीटर. म्हणजे टेबलाच्या कडेपासून फूटभर अंतरावर असताना संपर्क तुटला, तर गाडी खाली पडणारच. मग मुलंच ठरवतात की गाडी टेबलावर चालवायची नाही, जमिनीवर चालवायची. काही गट वेळ पाव सेकंदावर आणतात आणि जमिनीवर खडूच्या रेघा मारून गाडी खरंच किती अंतरात थांबते ते मोजतात. हिशोबातलं अंतर आणि मोजलेलं अंतर जुळत नाही. भार पडल्यावर फेरे कमी होतात आणि मोटर बंद झाल्यावरही गाडी जडत्वामुळे थोडी पुढे घसरते. वहीत या दोन्ही कारणांची नोंद आली की माझं निम्मं काम झालं.

दुसरा धोका सेलचा, आणि याबाबत मी कडक आहे. १८६५० नावाचा लिथियम सेल, १८ मिलिमीटर व्यासाचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा, दिसायला टॉर्चच्या सेलसारखाच. पण त्याचा अंतर्गत रोध इतका कमी असतो की दोन टोकं थेट जोडली गेली तर क्षणात कित्येक अँपिअर धारा वाहते. त्याचा धातूचा सगळा डबा ऋण टोक असतो. धन टोकाकडच्या कडेलाही तो डबाच असतो, आणि तिथे धन टोपी नि डबा यांच्यामध्ये एक बारीकशी रोधक चकती असते, बस्स. वरचं वेष्टन तिथे खरचटलं असेल तर एखादी वायर, स्क्रू किंवा पाना आडवा पडला की झालं. म्हणून वेष्टन फाटलेला सेल वर्गात येऊ द्यायचा नाही, मग तो कितीही नवा असो. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले सेल नकोत. सेलोटेपने बांधलेले सेल नकोत. ज्यावर ९८०० मिलिअँपिअर-तास असं छापलंय तो तर नकोच, कारण या आकाराच्या उत्तमातल्या उत्तम सेलची क्षमता साडेतीन हजारांच्या आसपास असते. वेष्टनावरच खोटं छापणाऱ्याने आत काय भरलंय, कुणास ठाऊक.

माझं स्पष्ट मत असं की शाळेच्या वर्गात लिथियम वापरूच नये. रिचार्ज होणारे सहा निकेल-मेटल हायड्राइड सेल, प्रत्येकी १.२ व्होल्टचे, एका होल्डरमध्ये बसवले की ७.२ व्होल्ट मिळतात आणि दोन मोटरच्या गाडीला ते पुरतात. थोडं वजन वाढतं, पण ते चालेल. तेही शॉर्ट झाले तर तापतात, म्हणून होल्डरनंतर लगेच एक फ्यूज आणि गाडीच्या वर, सहज हात पोचेल असा, मोठा स्विच हवाच. चासीखाली लपवलेला स्विच अडचणीच्या वेळी सापडत नाही.

नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीबद्दलही सांगायला हवं, कारण निम्मे गट तीच घेऊन येतात. गाडी हातात धरली की चाकं झकास फिरतात, जमिनीवर ठेवली की उनोवरचा दिवा लुकलुकतो आणि गाडी जागीच अडखळते. मुलं प्रोग्रॅम तपासत बसतात. प्रोग्रॅममध्ये काहीच चुकलेलं नसतं. मल्टीमीटर बॅटरीच्या टोकांना लावून ठेवा आणि गाडी सुरू करा. नऊच्या वर दिसणारा आकडा मोटर सुरू होताच दणकन खाली येतो. ही बॅटरी म्हणजे दीड व्होल्टच्या सहा लहान घटांची एकसर जोडणी, तिचा अंतर्गत रोध मोठा, त्यामुळे धारा वाढली की विभवांतर आतल्या आतच खर्च होतं. उनोला लागणारं किमान विभवांतर मिळेनासं झालं की तो पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. अंतर्गत रोध पुढच्या वर्गांत शिकवतात, पण तो नववीतच असा डोळ्यांनी दिसतो.

त्यात एल२९८एन आपला वाटा वेगळा घेतो. त्याच्यातल्या ट्रान्झिस्टरमध्ये सुमारे दोन व्होल्ट जातात. अर्धा अँपिअर धारा असेल तर तिथेच एक वॉट उष्णता होते. त्यावरचा काळा ॲल्युमिनियमचा पंखांचा ठोकळा त्यासाठीच असतो. ७.२ व्होल्ट दिले तरी मोटरपर्यंत पाचेक व्होल्टच पोचतात, हे मुलांनी मोजून बघावं. तोंडी सांगितलेलं आठवड्यात विसरतात.

मोजताना एक काळजी घ्या. धारा मोजायला मल्टीमीटरची लाल वायर १० अँपिअरच्या छिद्रात घालतात. मोजून झालं की ती तिथेच राहते आणि पुढचा मुलगा त्याच मीटरने बॅटरीचं विभवांतर मोजायला जातो. त्या छिद्राचा रोध जवळजवळ शून्य असल्यामुळे तो प्रत्यक्षात बॅटरी शॉर्ट करत असतो. धारा मोजायचं मीटर वेगळं ठेवा, त्यावर लाल पट्टी चिकटवा आणि ते फक्त एकाच गटाच्या हाती असू द्या. त्या मीटरने दाखवण्यासारखा एक सुरेख प्रयोग आहे. मोटर मोकळी फिरत असताना धारा बघा, मग क्षणभर चाक हाताने धरा. धारा कितीतरी पटींनी उसळते. फिरणारी मोटर जनित्रासारखी उलट विभवांतर निर्माण करत असते. ती अडली की ते नाहीसं होतं आणि धारेला अडवायला उरतो फक्त तारेचा रोध. भिंतीला अडकून राहिलेली गाडी तापते ती यामुळेच. दहावीत मोटर आणि जनित्र दोन्ही शिकताना ही मुलं या प्रयोगाची आठवण काढतात.

एचसी-०५ची एक गंमत आणि एक डोकेदुखी. प्रत्येक मॉड्यूलचं नाव कारखान्यातून ‘एचसी-०५’च येतं आणि पिन बहुधा १२३४. वर्गात सगळे गट एकदम सुरू झाले की एकीचा फोन दुसरीच्या गाडीला जोडला जातो आणि बाकावर उघडी ठेवलेली गाडी, जिच्यावर कुणीतरी वाकून स्क्रू आवळत असतं, ती अचानक चालू लागते. निकोला टेस्लाने १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बिनतारी संदेशावर चालणारी छोटी नौका दाखवली, तेव्हापासून हा प्रश्न आहेच. परक्या संदेशाने आपलं यंत्र हलू नये म्हणून, वेगवेगळ्या वारंवारितेचे दोन संदेश एकत्र आले तरच काम करणारी ग्राहक यंत्रणा त्याने योजली. त्याची पेटंटं त्याला १९०३ साली मिळाली. आपल्याला इतकं करायला नको. मॉड्यूल कमांड मोडमध्ये घेऊन प्रत्येक गटाने नाव आणि पिन बदलून घ्यावी आणि ते नाव चासीवर चिकटवावं. मॉड्यूलच्या आरएक्स टोकाला ३.३ व्होल्टच चालतात, तेव्हा उनोचे पाच व्होल्ट एक आणि दोन किलोओहमच्या रोधांनी विभागून द्यावेत. आणि मॉड्यूल शून्य-एक पिनवर असेल तर प्रोग्रॅम चढवताना ते काढून ठेवावं, नाहीतर प्रोग्रॅम चढतच नाही.

तपासणीचा क्रम सांगते. पहिली चाचणी गाडी विटेवर ठेवून, चाकं अधांतरी. पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे. एखादं चाक उलटं फिरलं तर त्या मोटरच्या दोन वायर अदलाबदल करा. मग चाकं फिरत असताना फोनचं ब्लूटूथ बंद करा. मग दुसऱ्या फोनवरून कॉल करा. मग ॲप बंद करा. मग फोन घेऊन भिंतीपलीकडे चालत जा. प्रत्येक वेळी चाकं आपोआप थांबली तरच गाडी जमिनीवर उतरेल, असा आमच्या वर्गाचा नियम आहे. अधूनमधून उगाच रीसेट होत असेल तर मोटरच्या दोन टोकांमध्ये १०४ छापलेला कपॅसिटर सोल्डर करा. ब्रशच्या ठिणग्यांचा उपद्रव त्याने बराच कमी होतो. आणि वेगवेगळ्या बॅटऱ्या वापरल्या असतील तर सगळ्यांचे ग्राउंड एकत्र जोडलेत ना, ते पाहा.

गटांबद्दल एक सांगावंसं वाटतं. मुलांच्या हातात फोन आणि मोटर, मुलींच्या हातात नोंदवही, ही वाटणी कुणी न सांगता होते. ती मोडा. दर तासाला कामं फिरवा, सोल्डरिंगसुद्धा, चष्मा लावून आणि खिडकी उघडी ठेवून.

परीक्षक म्हणून जाणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती आहे. प्रदर्शनात रिमोटची गाडी समोर आली की ती किती जोरात पळते ते बघायच्या आधी मुलांना सांगा, फोनचं ब्लूटूथ बंद करा. गाडी थांबली तर पुढचे प्रश्न विचारा. नाही थांबली तर तिथल्या तिथे स्विच बंद करून, ती का थांबली नाही यावर त्यांच्याशी बोला, आणि गुणांचा तक्ता भरताना त्यासाठी एक रकाना ठेवा.