साठविलेले रक्त आणि पोटॅशियमविषयक दक्षता

अपघात, प्रसूतीतील रक्तस्राव किंवा मोठी शस्त्रक्रिया अशा प्रसंगी रक्तपेढीतील रक्त रुग्णास जीवदान देते. परंतु दीर्घकाळ साठविलेल्या रक्तात होणारा एक बदल ध्यानात न घेतल्यास, क्वचित प्रसंगी, तेच रक्त घातक ठरण्याचा संभव असतो. हा बदल म्हणजे पोटॅशियमची वाढ होय.

शरीरातील बहुतेक पोटॅशियम पेशींच्या आत असते. रक्तद्रवात ते लिटरमागे साधारणतः ३.५ ते ५ मिलिमोल एवढेच असते. बाहेर आलेले पोटॅशियम आत ओढून घेणारी यंत्रणा पेशीतच असते. रक्तपेढीतील २ ते ६ अंश सेल्सिअस तापमानात ही यंत्रणा मंदावते आणि पोटॅशियम हळूहळू बाहेर झिरपते. साठवणुकीची मुदत रक्षक द्रावणानुसार ३५ किंवा ४२ दिवसांची असते. मुदतीच्या अखेरीस पिशवीतील द्रवात हे प्रमाण लिटरमागे ५० मिलिमोलच्या आसपास जाऊ शकते.

धोका कोणास?

प्रौढ रुग्णास एक-दोन पिशव्या संथ गतीने दिल्यास सहसा भय नसते. पेशी पोटॅशियम पुन्हा शोषून घेतात. उरलेले मूत्रपिंडे बाहेर टाकतात. मात्र नवजात बालके, मूत्रपिंडाचे रुग्ण आणि अल्पावधीत अनेक पिशव्या द्याव्या लागणारे रुग्ण यांच्या शरीरात ते एकाएकी वाढून हृदयाची लय बिघडते. प्रसंगी हृदय बंदही पडते.

घ्यावयाची दक्षता

नवजात बालकास अधिक प्रमाणात रक्त द्यावयाचे झाल्यास ते शक्यतो आठवड्याच्या आतील असावे. ते न मिळाल्यास धुतलेल्या रक्तपेशींचा उपयोग करता येतो. किरणोपचार केलेल्या रक्तात गळती वेगाने होते. म्हणून ते विनाविलंब वापरावे. अतिजलद रक्त देणे अपरिहार्य असल्यास हृदयालेखावर लक्ष ठेवावे व कॅल्शियमचे इंजेक्शन सिद्ध ठेवावे.

रक्ताची ने-आणही महत्त्वाची आहे. रक्त गोठल्यास किंवा पिशवी गरम पाण्यात बुडविल्यास पेशी फुटतात आणि पोटॅशियम मुक्त होते. म्हणून पिशवीचा बर्फाशी थेट संपर्क टाळावा व रक्त केवळ त्यासाठीच्या नियंत्रित उपकरणातून कोमट करावे.

गावाचा वाटा

ताजे रक्त मागणीच्या वेळी हाती असणे, हा या सर्व उपायांचा पाया होय. एकाच जयंतीस वा उत्सवास अनेक शिबिरे भरली, की पिशव्यांचा साठा एकदम होतो व पुढे तो जुना होत जातो. उन्हाळी सुट्टीत तर महाविद्यालयीन शिबिरे थांबल्याने टंचाई जाणवते. ग्रामपंचायती, शाळा व युवक मंडळे यांनी रक्तपेढीशी विचारविनिमय करून शिबिरांच्या तारखा वर्षभर विभागून घेतल्यास दात्याचे दान योग्य वेळी, योग्य रुग्णास, निर्धोकपणे पोहोचेल.