शिश्नाचा कर्करोग : अवयव राखून चिकित्सा

शिश्नावरील व्रणाचा रुग्ण बहुधा उशिरा येतो. तोही संकोचाने, पुष्कळदा औषधालयात मलम मागण्याच्या निमित्ताने. म्हणून या विषयाची ओळख वैद्य व औषधविक्रेते या दोघांसही असणे आम्हांस अगत्याचे वाटते.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात शूकदोषांपैकी मांसार्बुद, मांसपाक, विद्रधी व तिलकालक हे चार असाध्य सांगितले आहेत. मांसार्बुद म्हणजेच आजचा शिश्नकर्करोग, असे आम्ही म्हणत नाही. मात्र आज हा कर्करोग वेळीच ओळखल्यास बरा होतो व अवयवही राखता येतो. निरुद्धप्रकश, अस्वच्छता, तंबाखू आणि मानवी पॅपिलोमा विषाणूचा संसर्ग ही त्याची प्रमुख कारणे होत.

चिकित्सेची निवड रोगाच्या खोलीवर व जागेवर ठरते :

१) रोग त्वचेच्या वरच्या थरापुरताच असल्यास ५-फ्लुरोयुरॅसिल वा इमिक्विमॉडचे मलम, लेसर किंवा शिश्नमण्याची त्वचा काढून त्वचारोपण.

२) रोग अग्रत्वचेपुरता असल्यास अग्रत्वचाछेदन.

३) शिश्नमण्यात उतरल्यास गाठीपुरते छेदन अथवा केवळ शिश्नमणी काढून त्वचारोपण.

४) गाठ ४ सेंमी.हून लहान असल्यास, निवडक रुग्णांत, अग्रत्वचाछेदनानंतर किरणोपचार, विशेषतः ब्रॅकिथेरपी.

पूर्वी गाठीभोवतालचा २ सेंमी. निरोगी भागही काढीत. आता काही मिलिमीटर पुरतात. मात्र छेदाची कड रोगमुक्त असल्याची सूक्ष्मदर्शकाखाली खात्री करावी लागते.

अवयव राखल्यास त्याच जागी रोग उलटण्याचा संभव अधिक असतो. तो लवकर आढळल्यास पुन्हा उपचार होतात व आयुर्मानास सहसा बाध येत नाही. म्हणून पहिली दोन वर्षे दर तीन महिन्यांनी व पुढे पाचव्या वर्षापर्यंत दर सहा महिन्यांनी तपासणी आवश्यक असते. जांघेतील ग्रंथींत रोग पसरल्यास मात्र जिवाचा प्रश्न असतो; त्यांची तपासणी व चिकित्सा स्वतंत्रपणे करावी लागते.

आपले कर्तव्य एवढेच, की दोन-तीन आठवड्यांत न भरणाऱ्या व्रणावर वा गाठीवर क्षार, लेप वा दाहक औषध लावू नये. जांघ चाचपावी आणि ऊतीपरीक्षेसाठी रुग्णास शल्यतज्ज्ञाकडे विनाविलंब पाठवावे. औषधविक्रेत्यांनी त्याच तक्रारीसाठी मलमाची दुसरी नळी देण्यापूर्वी रुग्णास तपासणीचा सल्ला द्यावा. आपल्याकडे गेलेला महिना रुग्णास अवयवाचे मोल देऊन फेडावा लागू नये, ही आमची कळकळीची विनंती.