रिकाम्या हातांचे पंधरा दिवस

बाबू, राजापेठेत जिम लावलीस हे तुझ्या आईनं सांगितलं. मला मनापासून आनंद झाला. पण आठवडाही झाला नाही आणि काल जिना उतरताना तू कठड्याला धरून, एकेक पायरी आडवं पाऊल टाकून उतरत होतास. पायात गोळे येणं वेगळं, पण तुझा हात कमरेवर होता. म्हणून आज तुला बसवून घेतलंय.

आपल्या अमरावतीत व्यायाम शिकणं सोपं आहे. हे गाव त्यासाठीच ओळखलं जातं. 1914 साली अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केलं. 1936 साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी याच मंडळाची मुलं तिकडे गेली आणि कबड्डी, मल्लखांब असे आपले देशी प्रकार जगाला दाखवून आली. लहानपणी मी ही गोष्ट शंभरदा ऐकली, आणि प्रत्येक वेळी मला एकच वाटायचं: तिथं कुणी किती किलो उचललं याला महत्त्व नव्हतं, शरीर कसं वळतं हे लोक पाहत होते. आम्ही त्याला ढब म्हणायचो. माझे वस्ताद म्हणत, "आधी ढब आण बाप्पा, वजन तं गाढवबी उचलते."

त्यांनी मला पहिले पंधरा दिवस करेल, म्हणजे फिरवायची लाकडी जोडी, हातातच दिली नाही. रिकाम्या मुठीनं फिरवायला लावलं. मला फार राग यायचा. शेजारचे पोट्टे घामानं निथळत आणि मी हवा ढवळत उभा. पण त्या पंधरा दिवसांत खांदा कुठून वळतो, कोपर कुठं थांबतं, श्वास कधी सुटतो हे अंगात उतरलं. तुलाही तेच सांगतो. नवा प्रकार शिकायचा तर आधी रिकाम्या हातानं, मग नुसत्या दांडीनं. शेवटची दोन आवर्तनं पहिल्या दोनसारखीच दिसली तरच पुढच्या आठवड्यात थोडं वाढवजो. शेवटी शेवटी पाठ वाकायला लागली की तो सेट तिथंच संपला समज.

कमरेचं मात्र नीट ऐक. मी बावीस वर्षांचा होतो. जोर-बैठका रोजच्या, अंग पोलादासारखं, आणि घरी तुरीचं पोतं उचलताना गुडघे न वाकवता पाठीतून वाकलो. कमरेत कट् आवाज आला आणि तीन आठवडे मी खाटेवर होतो. आखाड्यात जपलेली पाठ मी अंगणात घालवली. म्हणून तुला डेडलिफ्टच्या आधी काठीचा प्रयोग शिकवतो. एक सरळ काठी पाठीवर उभी धर: डोक्याची मागची बाजू, दोन्ही खांद्यांच्या मधला भाग आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी काठी टेकली पाहिजे. आता गुडघे किंचित सैल ठेव आणि मागचं दार बुडानं ढकलतोस तसा वाक. तिन्हीपैकी एका जागी जरी काठी सुटली तरी पाठ गोल झाली. हे रोज वीसदा कर. वजन उचलतानाही तेच. वजन अंगाला चिकटून ठेवजो, आणि उचललेलं वजन हातात असताना कंबर पिळू नको. वळायचं तर पावलं वळव.

बैठकेबद्दल तुम्हा जिमवाल्या पोरांत नेहमी वाद होतो. आमच्या देशी बैठकेत टाचा उचलल्या जातात, भार चवड्यांवर येतो आणि हातांच्या झोक्यावर भराभर उठायचं असतं. तिची लय निराळी आणि तिला लहानपणापासूनची सवय लागते. खांद्यावर दांडी घेऊन ती करायला गेलास तर सगळा भार गुडघ्यांवर येईल. वजनाच्या स्क्वाटमध्ये टाच जमिनीला खिळलेली, गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेनं, आत कोसळू द्यायचे नाहीत. ज्याचे गुडघे आधीच दुखतात त्यानं खुर्चीवर बसून उठण्यापासून सुरुवात करावी. यात कमीपणा नाही. तुझ्या आजीला मी तेच करायला लावलं, आता ती अंबादेवीच्या पायऱ्या आधाराशिवाय चढते.

मल्लखांबावर आम्हाला चढण्याआधी उतरणं शिकवत. खाली येताना हात सोडला की पोरगं आपटतं. जिममध्येही मला तेच दिसतं: वजन वर ढकलायला सगळा जीव लावतात आणि खाली येताना सोडून देतात. अरे, सावकाश खाली आणण्यातही स्नायू घडतो. मनात तीन आकडे मोज. आणि दम कोंडू नको. जोर लावताना श्वास सोड, परत येताना घे. श्वास कोंडून ताकद लावली की रक्तदाब एकदम वाढतो, डोळ्यांसमोर अंधारी येते. तुझ्या बाबांना रक्तदाब आहे. ते जिममध्ये येणार असतील तर आधी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जाजो.

सुरुवातीची दहा मिनिटं अंग तापवायला दे. आधी चालणं, मग खांदे, कंबर, घोटे फिरवणं. ताणून धरून ठेवायचे प्रकार शेवटी. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसला जातो, तेव्हा सकाळी सातच्या आत उरकजो. ताक, पन्हं, पाणी घोटाघोटानं पीत राहा. सांध्यात टोचल्यासारखं दुखलं तर तो प्रकार त्या दिवशी बंद. मांसाचा ठणका दोन-तीन दिवसांत ओसरतो, त्याला घाबरू नको. पण अंग खूप सुजलं आणि लघवी कोकाकोलासारखी काळपट झाली, किंवा छातीत दाबल्यासारखं होऊन दुखणं हातात, जबड्यात गेलं, तर घरगुती उपाय करत बसायचं नाही. सरळ दवाखाना.

डब्यातली पावडर घ्यायची की नाही ते मला विचारू नको. आधी वरण, उसळ, दूध, अंडी, शेंगदाणे पोटभर खा. इंजेक्शनची गोष्ट कुणी काढली तर तिथून उठून ये. हे मी विनवून सांगतो.

आणि सुटीचा दिवस पाळ. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्या शेतात बैलाचे खांदे शेकतात, हळद-तूप चोळतात, आणि पोळ्याला त्याच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत. वर्षभर ओढणाऱ्या जनावराचा खांदा कसा जपायचा हे आपल्या शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागलं नाही. तुझ्या स्नायूंची वाढही विश्रांतीत आणि झोपेत होते, उचलताना नाही. एकाच अंगाला लागोपाठ दोन दिवस राबवू नको.

आता कंबर दुखते तोवर दांडीला हात लावायचा नाही. चालत राहा. रविवारी सकाळी माझ्याकडे येजो, येताना अंगणातली ती लांब काठी घेऊन. पाठ सरळ राहते का ते आरशात बघून तुला कळणार नाही, मी बाजूला उभा राहून सांगतो.